नाश्ता उशिरा चालेल

माणूस मेला की त्याला शांती मिळाली, हे तुम्हाला कोण सांगतं?

हा प्रश्न वाचणाऱ्यांना आहे, मामा. तुला नाही. तुला आता काही विचारता येत नाही, आणि ज्यांना विचारायला हवं ते उत्तर छापून मोकळे झालेत. हडपसरला गाडीतळाजवळ बस सिग्नलला थांबली की खिडकीतून तू फ्लेक्सवर दिसतोस. दोन माणसांएवढा उंच. डोळे मिटलेले, मान किंचित खाली, चेहऱ्यावर पिवळसर उजेड. तो उजेड मूळ फोटोत नव्हता, नंतर घातलाय. खाली ओळ आहे : 'अशांत जीव अखेर अंतरी स्थिरावला. साधक सुधाकरजींनी शांतपणे देह ठेवला.'

सुधाकरजी! जन्मात तुला कुणी 'जी' लावलं नव्हतं. कारखान्यात तू सुध्या होतास, युनियनमध्ये पत्रकवाला, आणि साहेबलोकांच्या तोंडी जे होतास ते इथे छापता येणार नाही.

आणि त्या फोटोत तू झोपलेला आहेस. हे तूच मला सांगितलं होतंस, पोट धरून हसत. "अगं मुक्ते, शिबिरात रात्रभर डासांनी फोडून काढलं होतं मला. सकाळी बसलो आणि लागली की डुलकी. शेजारचा नंतर म्हणतो, काका, तुमचा ओंकार फार खोलातून येत होता हो. घोरत होतो गं मी!" त्याच डुलकीत कुणीतरी तुझा फोटो काढला आणि नंतर तुला पाठवला. आता ती डुलकी साऱ्या हडपसरला समाधी म्हणून दाखवतायत.

राहिलं शांतपणे देह ठेवणं. तू देह कुठे ठेवलास ते मंडईबाहेरच्या सगळ्यांनी पाहिलंय. एका हातात मेथीची जुडी, दुसरा हात फुटपाथवर चढवलेल्या मोटरसायकलच्या हँडलवर. "अहो, रस्ता तर तुमचाच आहे. तेवढा फुटपाथ आमच्या नावावर राहू द्या की." एवढं बोललास, खाली बसलास आणि आडवा झालास. यात देह ठेवणं कुठे आलं? तू भांडता भांडता गेलास. तेवढं तरी मी कुणाला पुसू देणार नाही, असं मी तुला खांदा देताना ठरवलं होतं.

आमच्या घरात देव्हारा नव्हता. जिथे तो असायला हवा त्या कोनाड्यात तुझ्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. शनिवार पेठेतल्या छापखान्यातून तू ते सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचास आणि शाईचा वास उडेपर्यंत आई त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायची नाही. माझा क कमळाचा नव्हता, कामगाराचा होता. बिघडलेली पत्रकं माझ्या वाट्याला यायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. एकदा शाळेतल्या बाईंनी माझा कागद उलटून मागची बाजू वाचली आणि म्हणाल्या, "मामांना सांग, तिसरी मागणी आम्हा शिक्षिकांनाही लागू आहे." तिसरी मागणी बायकांसाठी वेगळ्या स्वच्छतागृहाची होती. तू ते ऐकून इतका खूश झालास की पुढच्या रविवारी मला भेळ मिळाली.

आणि तुझा तो नियम. तो जगात दुसऱ्या कुठल्या युनियनचा असेल असं मला वाटत नाही. पत्रक ज्याच्याविरुद्ध आहे, त्याला ते छापण्याआधी समोर बसून वाचून दाखवायचं. आवाज मोठा ठेवायचा, मधे थांबायचं नाही. "समोरच्याच्या तोंडावर वाचताना ज्या वाक्याला आपला आवाज पडतो ना, ते वाक्य खोटं असतं. ते काढून टाकायचं. मग जे उरतं ते पत्रक."

या नियमापायी रशीदचाचांनी तुला आयुष्यभर शिव्या दिल्या. तुझ्याच खात्यात, शेजारच्या मशीनवर काम करणारे रशीदचाचा. पिढ्यान्‌पिढ्या मोमिनपुऱ्यात राहिलेल्या घरातले, तुझ्याहून शुद्ध मराठी बोलणारे, आणि तुझ्याहून तापट. पेंटशॉपमध्ये पंखे नव्हते तेव्हाचं तुमचं भांडण मला आठवतं. मी कोनाड्याखाली बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. तू आदल्या आठवड्यात साहेबाला पत्रक वाचून दाखवून आला होतास, आणि छापलेले गठ्ठे घरी येईपर्यंत साहेबानं पंखे बसवून टाकले होते.

"आता हे गठ्ठे घेऊन काय करू?" चाचा ओरडत होते. "गेटवर उभा राहून पंख्यांबद्दल आभार वाटू?"

"पंखे लागले ना, रशीद?"

"पंखे लागले, पण लढा गेला की रे! माणसं तापली होती!"

"पंखे नव्हते म्हणून तापली होती."

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "दोघांच्याही डोक्यावर एकेक पंखा लावायला हवा."

मग कारखान्याच्या गेटला कायमचं कुलूप लागलं. तिथे आता उंच इमारती आहेत. मामी गेल्यावर तू आमच्याकडे राहायला आलास, आणि घरात एक चिडका माणूस वावरू लागला. तू दूधवाल्याशी भांडायचास, बातम्यांशी भांडायचास. एकदा स्टीलचं भांडं टीव्हीवर फेकलंस. मला त्याचं काही वाटलं नाही. मी चिडणाऱ्या माणसांतच वाढले होते, चिडणं म्हणजे जागं असणं हे मला तूच शिकवलं होतंस. पण ते भांडं उचलताना तू म्हणालास, "मुक्ते, पूर्वी मला कशाचा तरी राग यायचा. आता नुसताच येतो. कशाचा, ते मी नंतर शोधतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू पिशवी भरलीस आणि शहराबाहेरच्या त्या ध्यानकेंद्राच्या मौन शिबिराला निघून गेलास.

मामा, मी तेव्हा जे बोलले ते मी आजही मागे घेत नाही. मी म्हणाले होते, तू पळतोयस. खराडीला माझ्या ऑफिसात ज्या आठवड्यात माझ्या टीममधली माणसं काढून टाकली, त्याच आठवड्यात आम्हा उरलेल्यांना एका हॉलमध्ये बसवून डोळे मिटायला लावलं होतं. 'घट्ट धरून ठेवलेलं सोडून द्या,' असं एक बाई मधाळ आवाजात सांगत होत्या. आणि खाली गेटवर माझी मैत्रीण ओळखपत्र परत करत होती. अशी शांती मी पाहिली आहे. अशा शांतीचा मला संताप येतो. मालक माणसाला ओरबाडतो आणि वर सांगतो, दुखतंय ते तुझ्या मनात आहे, श्वास घे. हे तुला कळत नव्हतं? तुला?

"शांती म्हणजे पोट भरलेल्यांची चैन आहे," मी म्हणाले.

"मग उपाशी माणसानं नुसतं ओरडायचं का? त्याला आत काही नसतंच?"

"आत बघायला लागलं की बाहेरचं दिसेनासं होतं, मामा."

"तुझं म्हणणं असं की आतली जागासुद्धा मालकाच्या नावावर आहे. आपल्याला तिथे प्रवेश नाही."

मी ताट उचललं आणि आत गेले. वाद तिथेच राहिला. पुढे आपण तो बरेचदा काढला आणि दर वेळी तिथेच आणून सोडला. तू शिबिरांना जात राहिलास. घरी असलास की सकाळी गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली, सतरंजी टाकून बसायचास. आईची ओली साडी तुझ्या डोक्यावर ठिबकत असायची. एकदा मी तिथून जाता जाता विचारलं, "काय दिसतं रे तिथे?"

"दिसत काही नाही," तू म्हणालास. "पत्रक वाचल्यासारखं होतं. फक्त समोर साहेब नसतो, मीच असतो. माझीच वाक्यं मला वाचून दाखवतो. फार ठिकाणी आवाज पडतो गं. बरीच वाक्यं काढावी लागली."

"कुठली?"

"'मी कुणासाठी तरी लढलो.' हे काढलं. माझ्यासाठीच लढलो. मला लढायला आवडायचं."

मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही. ते तू खूप स्वस्तात काढलंस, मामा. मला ते वाक्य परत हवंय. पेंटशॉपमधल्या माणसांना विचार, पंखे कुणासाठी होते ते.

आता शेवंताबाईंचं सांगते, कारण फ्लेक्सवर ते नाही आणि शोकसभेतही ते नव्हतं.

केंद्रात शिबिरार्थींना रोज थोडी सेवा करावी लागते. तुला भाजी निवडायला बसवलं. तू मौनात. समोर स्वयंपाकघराच्या प्रमुख शेवंताबाई, मांजरी गावाच्या पुढच्या वस्तीतल्या, आणि त्या कसल्याही मौनात नव्हत्या. तू मला त्यांची नक्कल करून दाखवली होतीस. "दादा, तुमी बोलू नगा, तुमचा नेम मोडंल. मीच बोलते. डोळं मिटून काय गावतं वो? आमाला कवा बसवत न्हाईत बगा. तुमची घंटा वाजली की आमची फोडणी पडती. तुमी आत बसता आन् आमी तुमच्या पोह्यांच्या नादात. रोज वाटतं, एकदा तरी त्या हालात जाऊन बसावं. येवढं शेण-पाणी, नवरा, सून, सगळं डोस्क्यात गरगरतं. जरा खाली ठेवलं असतं."

तू गप्प होतास. गवारीच्या शेंगा मोडत होतास. शिबिर संपून मौन सुटलं तेव्हा तू पहिलं वाक्य त्यांच्याशी बोललास : "शेवंताबाई, तुम्हाला बसायचंय?" आणि त्या म्हणाल्या, "आता बोलला व्हय! मला वाटलं मुकंच हायेत."

घरी आलास, आणि कितीतरी वर्षांनी मी तुला कागद-पेन मागताना पाहिलं. तुझं सगळ्यांत छोटं पत्रक. मला ते पाठ आहे.

'डोळे मिटून बसण्याची गरज सगळ्यांना असते. सकाळच्या ज्या तासाला आपण हॉलमध्ये बसतो, त्याच तासाला स्वयंपाकघरातल्या बायका आपला नाश्ता करत असतात. त्या तासाला स्वयंपाकघराला कुलूप लावा आणि त्यांना आत घ्या. नाश्ता उशिरा चालेल.'

बस. ना बंधू, ना भगिनी, ना जिंदाबाद.

मी म्हणाले, छापू या. लगेच. शनिवार पेठेतला छापखाना अजून उघडा आहे, फार तर वर्तमानपत्रांकडे पाठवेन सगळीकडे. तुझं आपलं एकच : "आधी वाचून दाखवायचं." आणि तू गेलास, केंद्र चालवणाऱ्या नीलिमाताईंकडे. घडी केलेला कागद उघडून, उभं राहून, मोठ्यानं वाचलंस. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "छान लिहिता आपण. पण यात कर्तेपणा आहे, सुधाकरजी. मी काहीतरी बदलीन, हा कर्तेपणा. तो गळून पडावा म्हणून तर आपण इथे येतो."

"माझा गळेल हो, ताई," तू म्हणालास. "पण पोहे करणाऱ्यांचा कसा गळायचा? त्यांनी कर्तेपणा सोडला तर आपण काय खायचं?"

"त्यांची सेवा हीच त्यांची साधना आहे."

"मग एक दिवस आपण साधनांची अदलाबदल करू. तुम्ही पोहे करा, त्या बसतील."

ताई हसल्या. म्हणाल्या, विचार करू. पुढच्या शिबिरासाठी तू नाव द्यायला गेलास तेव्हा तुझ्या तब्येतीच्या काळजीनं ते घेता येणार नाही असं तुला फार नम्रपणे सांगण्यात आलं. त्याच्या पुढच्या वेळीही. केंद्राचं दार तुला बंद झालं होतं, मामा. आज ज्या फ्लेक्सवर तू साधक आहेस, तो लावणाऱ्या लोकांनीच तुला घालवून दिलं होतं.

आणि तू काय केलंस? थांबलास! "विचार करू म्हणाल्यात ना, वेळ द्यायला हवा." मी रोज विचारायचे, छापू का? तू रोज सतरंजीवर बसायचास. ओल्या साडीखाली. माझा तुझ्यावर खरा राग आहे तो यासाठी. तू बसायला गेलास यासाठी नाही. तू त्यांना वेळ दिलास. पंख्यांच्या वेळी साहेबाकडे निदान पंखे होते. या लोकांनी त्या वेळात पत्रक पडून राहू दिलं, तुला मरू दिलं आणि मग तुला टांगलं.

शोकसभा शनिवार पेठेतल्याच एका छोट्या सभागृहात झाली. रशीदचाचा बोलले. पहिला संप, गेटवरच्या सभा, पंखे. हसवलं, रडवलं. आणि कारखाना बंद झाला तिथे तुझं आयुष्य संपवून टाकलं. "शेवटची काही वर्षं ते आजारी होते," एवढ्या एका वाक्यात तुझी सतरंजी, शेवंताबाई, पत्रक, सगळं गुंडाळलं. मग सगळे स्तब्धता पाळायला उभे राहिले. जन्मभर मूठ वळलेली म्हातारी माणसं हात सोडून, डोळे मिटून उभी होती, आणि सभागृहात नुसता श्वासांचा आवाज. मला वाटलं, मामा, हे तर तुझंच! आमच्या चळवळीत डोळे मिटायला कुणालातरी मरावं लागतं.

जिन्यात मी चाचांना गाठलं. "चाचा, तो आजारी कधी होता?"

ते थांबले. कठड्याला धरून म्हणाले, "मुक्ता, तुझ्या मामाच्या नादानं मी जुम्म्याची नमाज सोडली. अम्मी मरेपर्यंत माझ्याशी सरळ बोलली नाही. आणि हा पठ्ठ्या म्हातारपणी डोळे मिटायला जातो! मला न विचारता!"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात."

"हो म्हणालो असतो." एक पायरी उतरून म्हणाले, "मीपण गेलो असतो कुठंतरी."

या सगळ्यांवर मी हा लेख लिहिला. घाव घालायचा म्हणून लिहिला. छापखान्यात द्यायला निघाले आणि तुझा नियम आडवा आला. नियम तुझा आहे, मला तो कधीच पटला नव्हता, पण तुझ्यावरचा लेख तुझा नियम मोडून छापायचा हे माझ्याच्यानं होईना. म्हणून आधी चाचांकडे गेले. त्यांनी सगळा ऐकला. जुम्म्याचं वाक्य आलं तेव्हा मी अडखळले. ते म्हणाले, "थांबू नकोस. ते राहू दे. खरं आहे."

मग केंद्रात गेले. नीलिमाताईंनी मला सतरंजीवर बसवलं. मी फ्लेक्सपासून सुरुवात केली. दोन परिच्छेदांनंतर त्या म्हणाल्या, "आपण फार रागात आहात. जरा श्वासाकडे लक्ष द्या."

"माझं लक्ष स्वयंपाकघराकडे आहे," मी म्हणाले, आणि पुढे वाचलं. तुला घालवून दिल्याचं वाचलं, शिबिराला तुझं नाव न घेतल्याचं वाचलं. आवाज कुठेही पडला नाही. ती वाक्यं तशीच आहेत, वर बघ. पण मग एक वाक्य होतं : 'मामा कधीही शांत नव्हता, ही शांती यांनी त्याच्या तोंडावर चिकटवली आहे.' तिथे माझा आवाज पडला.

कारण तो फोटो आईनं दिला होता. केंद्राचं माणूस दाराशी आलं तेव्हा आईनं कपाटातून तोच काढून दिला. मी तिच्यावर ओरडले होते, अगं झोपलाय तो त्यात! ती म्हणाली, "माहीत आहे गं मला. पण असा निवांत तो कधी झोपला होता घरी? भावाचा एवढा एकच फोटो आहे माझ्याकडे, कपाळावर आठी नसलेला."

आणि त्या मोटरसायकलवाल्यामुळे. तो घरी आला होता. मधल्या वयाचा माणूस, हेल्मेट मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बसला होता. त्यानंच तुला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, तुझं डोकं मांडीवर घेऊन. मला त्याला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. त्यानंच सुरुवात केली. "ताई, ते चिडले नव्हते. चिडलो मी होतो. ते हसत होते हो. पण हँडल काही सोडलं नाही त्यांनी."

मामा, ते ऐकल्यापासून आपला वाद माझ्या हातातून सुटलाय. हसत होतास आणि हँडल सोडलं नाहीस. हे तू कुठे शिकलास? कारखान्यात तर नक्कीच नाही, तिथे तू लाल व्हायचास. तू आत जाऊन बसलास आणि बाहेरचं दिसेनासं झालं नाही. फुटपाथ दिसला, शेवंताबाई दिसल्या. माझं म्हणणं तुझ्यापुरतं तरी खोटं ठरलं. पण खराडीच्या त्या हॉलपुरतं ते खरं आहे आणि या केंद्रापुरतंही खरं आहे, हे मी तुला समोर बसवून ऐकवणार होते. आता कुणाला ऐकवू? चहा घेऊन कुणाशी भांडू? 'कधीही शांत नव्हता' हे वाक्य मी खोडलं. मला तुझ्यासारखी शांतता आलेली नाही आणि इतक्यात ती नकोही आहे. पण नियम मला समजला. त्यासाठी तुझे आभार मानायचे होते, ते राहिलं.

नीलिमाताई शेवटी म्हणाल्या, "फ्लेक्सचं बघते मी. बाकीचा विचार करू."

परतताना मी स्वयंपाकघरात डोकावले. शेवंताबाई भलं मोठं पातेलं घासत होत्या. तू गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी हात पदराला पुसले आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. "बसवतो म्हनलं व्हतं दादांनी," म्हणाल्या. "म्या सुनंला सांगूनबी ठिवलं व्हतं, एक दिस मी आत बसनार हाय म्हनून." मग त्यांनी डोळे मिटले. बाहेर कुणीतरी हाक मारली, "शेवंताबाई, चहा!" आणि त्या उठल्या.

म्हणून आता, मामा, मी तुला बाजूला ठेवून वाचणाऱ्यांशी बोलते. फ्लेक्स उतरेल. नाही उतरला तर पावसात फाटेल, मला त्याची फिकीर नाही.

तुमच्यातले पुष्कळ जण अशा शिबिरांना जातात. या शहरात कोण जात नाही? जरूर जा. आत बसा, डोळे मिटा, तुमच्या वाक्यांतली खोटी वाक्यं काढून टाका. मी आता त्याला पळणं म्हणणार नाही. पण सकाळची घंटा होईल तेव्हा लगेच हॉलमध्ये शिरू नका. आधी फोडणीचा वास येतोय त्या दिशेला जा. तिथे एखादी बाई झारा हातात घेऊन उभी असेल. तिला विचारा, तुम्हाला बसायचंय का? ती हो म्हणाली तर गॅस बंद करा, तिला घेऊन हॉलच्या दाराशी या, आणि तिथे जो कुणी व्यवस्था बघत असेल त्याच्या तोंडावर, आवाज पडू न देता, एवढंच सांगा :

आम्हाला नाश्ता उशिरा चालेल.